अण्णांना सांभाळायला माणूस

पेठेत उंदीर पडायला लागले तशी माणसं बोचकी बांधून माळावर निघाली. प्लेग सोलापूरला काही नवा नव्हता. चार-दोन वर्षं गेली की थंडीच्या तोंडाला तो कुठल्या ना कुठल्या बोळात डोकं वर काढायचाच. पण त्या साली त्याने लक्ष्मीनारायणाच्या बोळात असा मुक्काम ठोकला, की पंधरवड्याच्या आत तिथलं एक दार उघडं राहिलं नाही. म्युनिसिपालटीच्या माणसांनी माळवदांना भोकं पाडून आत ऊन सोडलं, दारांवर डांबराच्या फुल्या मारल्या आणि सगळ्यांना गावाबाहेर काढलं.

दुर्गा वडिलांना घेऊन माळावर आली ती अशी. मुलींच्या शाळेत ती मास्तरीण होती. लग्नानंतर वर्षभरातच तिचं कपाळ पांढरं झालं, तेव्हा तिला पुण्याला शिकायला पाठवलं ते अण्णांनीच. अण्णा म्हणजे गंगाधरभटजी, चाळीस वर्षं लक्ष्मीनारायणाचे पुजारी. सोवळ्याओवळ्यात कडक, पण लेकीच्या शिक्षणाच्या बाबतीत त्यांनी कुणाचं ऐकलं नाही. थोरला मुलगा मुकुंद मागेच तापाच्या साथीत गेला होता. घरात आता ही दोघंच.

अण्णांचं विसरणं दोन वर्षांपासून चालू होतं. आधी माणसांची नावं गेली, मग वार, मग आपण जेवलो की नाही ते. देवळात मात्र ते कुठेच चुकत नसत. अभिषेक, गंध, आरती, सगळं हातांनाच पाठ होतं. त्यामुळे बोळातल्या लोकांना काही कळलं नव्हतं आणि दुर्गानेही कळू दिलं नव्हतं. माळावर आल्यावर देऊळ सुटलं आणि अण्णा पार उघडे पडले.

"ही कुणाची जागा? आपण इथं का बसलोय?" तुराट्यांच्या झोपडीत ते पुन्हापुन्हा विचारायचे.

"अण्णा, गावात प्लेग आहे."

ते दचकायचे. दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखे दचकायचे. डोळ्यांत पाणी यायचं. "अरे देवा! मग पूजेचं काय?" दुर्गा देवळातून बरोबर आणलेली पितळेची लहान मूर्ती पुढे करायची. अण्णा मूर्तीकडे बघायचे आणि मान हलवायचे. "हा नव्हे." घटकाभराने पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा तेच दचकणं. शेवटी दुर्गाने प्लेगचं नाव काढणंच सोडलं.

एके दिवशी ती विहिरीवरून घागर घेऊन आली तर झोपडी रिकामी. पूजेचा तांब्याही जागेवर नव्हता. अण्णा गाडीवाटेने अनवाणी गावाच्या दिशेने निघाले होते. ओढ्याजवळ शिवलिंगप्पांनी त्यांना अडवून धरलं होतं.

शिवलिंगप्पा धान्याचे व्यापारी. त्या वस्तीत सगळे त्यांच्या शब्दाने चालायचे. त्यांची सून दहा दिवसांपूर्वीच प्लेगने गेली होती. आवाज न चढवता ते म्हणाले, "बाई, तुमचे वडील म्हणजे देवमाणूस. पण हे एकदा गावात जाऊन उंदराबिंदराला शिवून परत आले, की आमच्या पोराबाळांचं काय? पुन्हा गेले तर आम्ही त्यांना वस्तीत घेणार नाही. राग मानू नका."

"नाही मानणार," दुर्गा म्हणाली. प्लेगची लस टोचायला तंबू लागला तेव्हा तिने दंड पुढे केला होता, पण अण्णांनी सुई पाहिल्याबरोबर आरडाओरडा केला होता आणि डॉक्टरच्या हाताला ते कडकडून चावले होते. त्यांना टोचलेलं नव्हतं.

तिला सबंध दिवस त्यांच्यापाशी बसून राहता येत नव्हतं. माळाच्या दुसऱ्या अंगाला लिंबाखाली शाळा भरायला लागली होती आणि त्या नोकरीवरच दोघांचं पोट होतं. अण्णांना सांभाळायला माणूस हवा होता. तिने झोपड्या पालथ्या घातल्या. कुणाची लेकरं लहान, कुणाचं माणूस तापाने पडलेलं. नात्यातली एक म्हातारी मावशी तेवढी हो म्हणाली आणि दुपारपर्यंत बसून उठून गेली. "मला भीती वाटते गं त्यांची," ती म्हणाली. "माझ्याकडं असं बघतात, जसं काही मीच त्यांचं काही चोरलंय."

त्या बघण्याची भीती दुर्गालाही वाटायला लागली होती. एका सकाळी ती चूल पेटवत असताना मागून आवाज आला, "कोण गं तू?" तिने वळून पाहिलं. अण्णा हातात लाकूड घेऊन उभे होते. "माझ्या घरात काय करतेस? माझी दुर्गा कुठाय?"

"अण्णा, मीच दुर्गा."

"खोटं बोलतेस!" त्यांनी लाकूड उगारलं. ते घाबरले होते, तिच्याहून जास्त घाबरले होते, आणि तेच तिला सहन होईना. ती हळूच बाहेर जाऊन उभी राहिली. आत लाकूड खाली पडल्याचा आवाज झाला आणि मग रडणं ऐकू आलं.

माळावर त्या दिवसांत सांगोल्याकडच्या एका धनगराची मेंढरं उतरली होती. तात्याबा त्याचं नाव. पन्नाशी उलटलेला, उंच, हाडापेरानं दणकट. बायको केराबाई आणि दोन मुलगे बरोबर. दुर्गा त्याच्याकडे गेली ती दुसरं कुणीच उरलं नव्हतं म्हणून.

"काय करायचं आसतं म्हाताऱ्याचं?" त्याने विचारलं.

"लक्ष ठेवायचं. गावाकडे जाऊ द्यायचं नाही. बाहेर जायचं म्हणाले तर बरोबर जायचं."

"मारत्यात व्हय?"

"कधी कधी. घाबरले की."

"मंग काय, आमचा एडका बी मारतोय की." तो हसला, पण लगेच गंभीर झाला. "एक मातूर आदी सांगून ठिवतो, बाई. गावात मी पाऊल टाकनार न्हाय. म्हातारा गेला तरी न्हाय. माजी सारी मानसं हितं उगड्यावर हायेत."

"चालेल."

"आन् त्यांचं सोवळं?"

दुर्गाने खाली मान घातली. "ते आता त्यांच्या ध्यानात नसतं."

आणि खरोखरच नव्हतं. पहिल्याच दिवशी अण्णांनी तात्याबाचा हात धरला, त्याच्या तोंडाकडे टक लावून पाहिलं आणि म्हणाले, "मुकुंदा, किती रे काळवंडलास!" तात्याबाने दुर्गाकडे पाहिलं. तिने मान डोलावली. "उन्हात हिंडतोय न्हवं," तात्याबा म्हणाला, आणि अण्णा लहान मुलासारखे त्याचं बोट धरून मेंढरं बघायला गेले.

शेजारच्या झोपड्यांतून कुजबुज झाली. पुजाऱ्याला धनगर आंघोळ घालतो म्हणे. दुर्गाने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. कित्येक दिवसांनी तिला शाळेत मुलींचे चेहरे नीट दिसायला लागले होते. तरीही शाळा सुटली की परतताना छाती धडधडायची. आज झोपडीत काय दिसेल?

जे दिसलं ते तिच्या मनात कधीच आलं नव्हतं. त्या दिवशी एका मुलीच्या घरी गाठीचा रोगी निघाला म्हणून शाळा लवकर सुटली. दुर्गा आली तेव्हा अण्णा बाभळीखाली होते. कमरेला लोकरीची दोरी, दोरीचं दुसरं टोक बाभळीला. ते दोरी ताणून पुढे जायचे, झटका बसला की थांबायचे, आणि पुन्हा पुढे जायचे. तोंडाने काहीतरी पुटपुटत होते. धोतर ओलं झालं होतं. तात्याबाचा कुठे पत्ता नव्हता.

ती गाठ सोडवत असतानाच तो धापा टाकत आला. काखेत कोकरू होतं.

"माणूस आहे तो!" दुर्गा ओरडली. स्वतःचा आवाज तिला ओळखू येईना. "जनावर नव्हे तुमचं!"

"कोकरू चुकलं व्हतं, बाई. लांडग्याचं भ्या. इलुसा येळ..."

"चालते व्हा. उद्यापासून येऊ नका."

तात्याबाने कोकरू खाली ठेवलं. "बांदलं व्हतं म्हनून हाय तरी," तो एवढंच बोलला. दोरी गुंडाळून त्याने खांद्यावर टाकली आणि निघून गेला. त्याच दिवशी त्याने मेंढरं ओढ्यापलीकडे हलवली.

दुर्गाने शाळेत कळवलं, येता येणार नाही. दोन दिवस ती अण्णांच्या समोर बसून राहिली. पाणी आणायचं तर त्यांना घेऊन जायची, चुलीपुढे बसायची तर दाराकडे तोंड करून. डोळ्याला डोळा लागत नव्हता. तिसऱ्या दिवशी दुपारी अण्णा शांत घोरत होते. तिने कुडाला पाठ टेकली. घटकाभरच, असं मनाशी म्हणाली.

गिरणीच्या भोंग्याने तिला जाग आली. अंथरूण रिकामं होतं.

तिने हाका मारल्या नाहीत. हाका मारल्या असत्या तर वस्तीला कळलं असतं. ती गाडीवाटेने धावत सुटली. ओढ्याच्या ओल्या मातीत अनवाणी पावलांचे ठसे उमटले होते, गावाकडे गेलेले. पलीकडच्या माळावर तात्याबाची मेंढरं दिसत होती. क्षणभर तिचे पाय तिकडे वळले. पण गावात पाऊल टाकणार नाही हे त्याचं बोलणं तिला आठवलं आणि ती एकटीच पुढे गेली.

वेशीच्या आत शिरताच पहिल्यांदा जाणवली ती शांतता. जिथं पहाटेपासून मागांचा खडखडाट चालायचा तिथं तिला स्वतःच्या पावलांचा आवाज ऐकू येत होता. दारादारांवर काळ्या फुल्या. कुणाच्या ओसरीवर अर्धवट विणलेलं लुगडं मागावर तसंच ताणलेलं. एक कुत्रं भिंतीच्या कडेने चालत होतं. ते तिच्याकडे पाहून भुंकलंही नाही. बोळाच्या तोंडाशी कुबट, गोडसर वास आला. दुर्गाने पदर नाकाला लावला. पुढे पाऊल टाकायला धीर होईना. मला टोचलंय, ती मनात म्हणत राहिली, मला टोचलंय.

देवळाचं दार सताड उघडं होतं. कुलूप तसंच लटकत होतं. अण्णांनी जुनं लाकूड हिसडून कोयंडाच उपटून काढला होता. एवढी ताकद त्यांच्यात कुठून आली असेल?

आत ते गाभाऱ्यापुढे वाकून जमीन पुसत होते. धोतराच्या सोग्यात काहीतरी गोळा केलं होतं. दुर्गा जवळ गेली. त्यांनी एक वाळकी झेंडूची माळ उचलून सोग्यात टाकली, मग शेजारी मरून पडलेला उंदीर शेपटीला धरून उचलला आणि तोही टाकला. "किती निर्माल्य साचलंय," ते स्वतःशी म्हणाले. "कुणी लक्षच देत नाही."

दुर्गाने पुढे होऊन त्यांचा सोगा झटकला. फुलं आणि मेलेले उंदीर फरशीवर पसरले. अण्णा दचकून मागे सरले आणि त्यांनी खांबाला मिठी मारली.

"चोर! चोर! अहो धावा!"

"अण्णा, चला. पाया पडते, चला इथनं."

"हात लावू नकोस! कोण आहेस तू?"

तिने त्यांचा दंड धरून ओढलं. ते हलेनात. आवाज रिकाम्या बोळात घुमत राहिला. ओढून काही होणार नव्हतं. तिच्या लक्षात आलं, की आपण मुलगी म्हणून यांना इथून नेऊच शकत नाही. तिने हात सोडला. दोन पावलं मागे गेली. पदर डोक्यावरून नीट घेतला आणि वाकून नमस्कार केला.

"गुरुजी," ती म्हणाली. "आमच्याकडे आज सत्यनारायण आहे. सगळी खोळंबलीयत. आपण आलात तर उपकार होतील."

अण्णांनी खांब सोडला. तिच्याकडे पाहिलं. हळूहळू त्यांची पाठ ताठ झाली आणि तोंडावर तिच्या लहानपणीचे अण्णा उमटले.

"घर लांब आहे का?"

"ओढ्यापलीकडे."

"चौरंग मांडलाय?"

"हो, गुरुजी."

"मग उशीर करू नये," असं म्हणून ते पुढे चालू लागले. ती मागून रडत चालली होती, पण त्यांनी वळून पाहिलं नाही.

ओढ्याशी येईपर्यंत तिचा निश्चय होत नव्हता. कुणी पाहिलेलं नव्हतं. अण्णांना पाण्यात घालून, धोतर बदलून ती गुपचूप झोपडीत जाऊ शकली असती. पलीकडे शिवलिंगप्पा बसले होते आणि त्यांचा धाकटा नातू मातीत खेळत होता. दुर्गा अलीकडच्या काठावरच थांबली आणि तिथून तिने हाक मारली.

"शिवलिंगप्पाकाका, जवळ येऊ नका! अण्णा देवळात गेले होते. उंदराला हात लागलाय. आम्हाला वेगळी झोपडी द्या."

शिवलिंगप्पांनी नातवाला उचलून घेतलं. मग मान डोलावून होकार दिला.

ओढ्याच्या वरच्या अंगाला, वस्तीपासून लांब, एक पडकी झोपडी होती. तिथं दोघांची रवानगी झाली. केराबाई सकाळी एका दगडावर घागर ठेवून जायची, वस्तीतून कुणी पीठ ठेवायचं. कुणी थांबायचं नाही. दुर्गा रोज अण्णांच्या कपाळाला हात लावायची, काखेत, मानेखाली चाचपून बघायची आणि मग स्वतःच्याही. झोपेने डोळे मिटू लागले तेव्हा तिने जुन्या लुगड्याची पट्टी फाडली, एक टोक त्यांच्या मनगटाला बांधलं आणि एक आपल्या. बांधताना तिला तात्याबाची दोरी आठवली आणि तोंड कडू झालं.

एका सकाळी अण्णांचं अंग तापलं.

ते कण्हत होते, पाय पोटाशी घेत होते. काखा स्वच्छ होत्या. राहिली जांघ. गाठ बहुधा तिथंच येते, हे आता माळावरच्या लहान मुलांनाही माहीत झालं होतं. दुर्गाने धोतराला हात लावताच अण्णा किंचाळले. परकी बाई आपल्याला नागवं करतेय एवढंच त्यांना कळत होतं. तिने गुरुजी म्हणून पाहिलं, अण्णा म्हणून पाहिलं. ते कोपऱ्यात सरकून भिंत खरवडत राहिले. "मुकुंदा! अरे मुकुंदा!"

ती बाहेर आली. माळावर तात्याबा उभा होता, काठीवर हनुवटी टेकून. हाक ऐकू जाईल एवढ्या अंतरावर.

"तात्याबा!" ती ओरडली. "ताप आलाय! मला बघू देत नाहीत! तुम्हाला बोलावतात!"

तात्याबा हलला नाही. मग त्याने पाठ फिरवली आणि मेंढरांकडे चालू लागला. दुर्गा खालीच बसली. त्याचं काही चुकलं नव्हतं. त्याने आधीच सांगितलं होतं.

आत अण्णांचा आवाज बसत चालला होता. ती गुडघ्यांत तोंड घालून ऐकत होती. किती वेळ गेला कोण जाणे. पावलं वाजली म्हणून तिने वर पाहिलं तर तात्याबा समोर उभा होता. खांद्यावर घोंगडं, हातात भाकरीचं गठुडं.

"मेंढरं कारभारनीच्या हवाली करून आलो," तो म्हणाला. "आता हितनं भाईर पडायचं न्हाय म्हंजी घोंगडं लागंल की."

"तुम्ही तर म्हणाला होता..."

"गावात जानार न्हाय म्हनलो व्हतो. ह्ये गाव हाय व्हय?" तो वाकून आत शिरला. त्याच्या कपाळावर घाम होता आणि ओठ कोरडे पडले होते. तोही भेदरलेला आहे हे तिला स्वच्छ दिसत होतं.

"मुकुंदा, आलास?"

"आलो, आन्ना. जरा आडवं व्हा बगू."

दुर्गा दाराबाहेर पाठमोरी उभी राहिली. आतून काही ऐकू येत नव्हतं. तिला देवाचं एकही नाव आठवेना. समोर ज्वारीच्या शेतावर पाखरं उठली आणि पुन्हा बसली.

"गाठ न्हाय, बाई," तात्याबाचा आवाज आला. मग तो म्हणाला, "आजची न्हाय. उंद्याचं कुनी सांगावं?"

दुसऱ्या दिवशीही नव्हती आणि त्याच्या पुढच्याही दिवशी नव्हती. ताप थंडीचाच निघाला. तिघं त्या झोपडीत राहिली, एकमेकांच्या अंगाला हात लावून बघत. सकाळी तात्याबा उठून पहिल्यांदा आपली काख चाचपायचा आणि मग ओढ्यापलीकडे केराबाईला हात वर करून दाखवायचा. ती तिथंच खाली बसायची, नुसती.

अण्णा निजलेले असताना एकदा तो म्हणाला, "त्या दिशी बांदून गेलो, ते चुकलं माजं. बांदलं ते न्हाय म्हनत. बांदून गेलो ते."

दुर्गाने मनगटावरची पट्टी त्याला दाखवली.

पेठ उघडली तेव्हा होळी जवळ आली होती. लोकांनी घरं सारवली, चुना दिला, देवळात दुर्गाच्या एका चुलतभावाने पूजा सुरू केली. दुर्गा मात्र बोळात परत गेली नाही. देऊळ दिसलं की अण्णा निघणार आणि तात्याबा काही पेठेत पाय ठेवणार नाही. तिने माळाच्या कडेला, विहिरीजवळ, दोन खोल्या घातल्या. मुलगे मेंढरं घेऊन सांगोल्याकडे गेले. तात्याबा आणि केराबाई मागे राहिली. अण्णांच्या कमरेच्या दोरीचं दुसरं टोक आता तात्याबाच्या कमरेला असायचं, आणि बाहेर निघाले की दोघं बरोबरच निघायचे. अण्णा ओढ्यापर्यंत जायचे, गावाकडे बघायचे, आणि दोरी ताणली की तात्याबा म्हणायचा, "चला, पाखरं आली शेतात, हाकलाया पायजेत."

ते पुढे दीड वर्ष जगले. दुर्गाला त्यांनी मुलगी म्हणून पुन्हा क्वचितच ओळखलं. तीही सांगायला जात नसे. ते गुरुजी होते आणि ती एक यजमानीण, जिच्या घरी रोज पूजा असायची. पण शाळेतून परतताना शेवटच्या वळणावर तिचे पाय आपोआप घाईने पडायला लागायचे. छातीत तेच धडधडणं. विहिरीपाशी अण्णा आणि तात्याबा दोघंही दिसले की ती क्षणभर थांबायची, श्वास खाली बसू द्यायची आणि मग पदर सावरून पुढे जायची.